अतिवृष्टीचे देणे कोणी फेडावे?

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मोठा पाऊस पडून गेला म्हणजे ओढे गढूळ तांबडे होऊन वाहतात. हा रंग आपण लहानपणापासून पाहतो, म्हणून त्याविषयी कोणी विचार करीत नाही. परंतु त्या पाण्याबरोबर काय जाते, ते कोणाच्या दोषाने जाते, आणि ते भरून देणे कोणाचे कर्तव्य आहे, हे प्रश्न केवळ शेतकीचे नव्हेत. ते न्यायाचेही आहेत.

प्रथम हे जाणारे धन कोणते ते पाहू. झाड हवेतील कर्ब घेऊन पान, लाकूड व दाणा घडविते. पान गळून कुजले म्हणजे त्यातील काही कर्ब पुन्हा हवेत जातो, आणि काही मातीत राहून तिला भुसभुशीत व ओल धरणारी करितो. नत्राची गोष्ट निराळी आहे. हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्र असते, तरी भाताच्या रोपास त्यातील कणही परभारे घेता येत नाही. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू व खाचरातील निळेहिरवे शेवाळ ते हवेतून काढून जमिनीस देतात, आणि शेण व पाला कुजून ते पिकास मिळते. अशा रीतीने हे दोन्ही पदार्थ, शेजाऱ्यापाजाऱ्यांत उसने दिलेल्या धान्याप्रमाणे, एका घरून दुसऱ्या घरी फिरत असतात.

ऋतूने मर्यादा सोडली म्हणजे हा व्यवहार बिघडतो. उन्हाळाभर कोरड्या मातीतील जंतू निपचित पडून असतात. पहिल्या सरीने ते जागे होतात, थोड्याच दिवसांत पुष्कळ पालापाचोळा कुजवितात, आणि नत्र मोकळे होते. पाऊस बेताचा असला तर मुळे ते शोषून घेतात. परंतु रोप अजून बोटभर असता आभाळ फाटले, तर ते मोकळे झालेले नत्र पाण्यात विरघळून खाली झिरपते किंवा ओढ्यास मिळते, कारण नत्राचे हे विरघळणारे रूप मातीस धरून ठेवता येत नाही. पाणी फार दिवस तुंबले तर चिखलात हवा राहत नाही. मग दुसऱ्या जातीचे जंतू उरलेल्या नत्राचा वायू करून उडवितात, आणि कर्बापासून मिथेन वायू होतो. नत्राच्या या वायूंपैकी नायट्रस ऑक्साइड हा, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तितक्याच वजनाच्या कर्बवायूहून सुमारे २७० पट उष्णता धरतो. म्हणजे एक अतिवृष्टी गरिबाच्या खाचरातून घेते आणि पुढील अतिवृष्टीच्या पदरात घालते.

ही भीती कल्पनेची नव्हे. २६ जुलै २००५ रोजी जवळच्या मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच पाऊस झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने कोकणातील कापणीस आलेले भात शेतातच भिजून गेले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, असे हवामानशास्त्रज्ञांनी मोजले आहे. हवा एक अंश तापली तर ती शेकडा ७ इतकी अधिक वाफ धरू शकते, हे त्याचे एक मोठे कारण होय. दुष्काळाचा तडाखाही असाच आहे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णता व अवर्षण यांमुळे तेथील रानांनी व शेतांनी चार वर्षांत साठविलेल्या कर्बाइतका कर्ब हवेत परत सोडला.

आता दोष कोणाचा? कोणी म्हणतात, हे नशीब आहे, त्यास उपाय नाही. दुसरे म्हणतात, डोंगरातील लोक राब जाळतात, हा त्यांचाच अपराध. दोन्ही उत्तरे पारखून पाहिली पाहिजेत.

राब म्हणजे काय ते आपणांस सांगावयास नको. ऐनाचा टाहाळ, पातेरा व शेण रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळल्याने राख मिळते, तणाचे बी मरते, आणि तापल्या मातीत अडकलेले नत्र मोकळे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी १९१२ साली या पद्धतीवर शास्त्रीय प्रबंध लिहिला. ती अडाण्याची खोड नव्हे. शिवाय टाहाळाचा कर्ब, झाड जिवंत ठेविले तर, पुढील वर्षांच्या पालवीत परत येतो. दगडी कोळशाचा कर्ब मात्र कोट्यवधी वर्षे पुरलेला होता. तो एकदा धुराड्यातून बाहेर पडला की तितक्या सहज परत जात नाही. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. या वाढीत मुरबाडच्या झोपडीतील धुराचा वाटा किती? उलट, १८९२ साली बांधलेला तानसा तलाव व पुढे झालेले भातसा धरण शहापुरातूनच मुंबईची तहान भागवितात, आणि रानाने माती धरली तरच ती धरणे गाळावाचून राहतात. ज्याने सर्वांत थोडे घेतले त्याच्याच दारी प्रथम वसुलीस जाणे, हा अन्याय होय.

परंतु निर्दोष मनुष्य कर्तव्यातून सुटतो असे नाही. जळालेल्या फांदीतील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते. वणव्याने पातेरा जळाला म्हणजे पावसाचा मार उघड्या उतारावर बसतो, आणि शेकडो वर्षांची माती एका रात्रीत ओढ्यास लागते. लेकराने घरास आग लावली नसली तरी घरातले धान्य वाचविण्यास ते धावतेच. म्हणून बांध फुटल्याबरोबर बांधावा. रानातील पातेऱ्यास आग लावू नये. शेणखताचा खड्डा पावसात उघडा ठेवू नये. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात तुडवावा. भातामागून वाल पेरावा. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा, आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर तर देऊच नये.

आणि जो कोणी गावात येऊन राब सोडा असे सांगेल, त्याने पेरणीपूर्वी त्याच्या ऐवजी खत व रोप वाढविण्याची सोय हाती द्यावी. नाही तर त्याचा उपदेश म्हणजे उपाशी मनुष्यास मिताहाराचे महत्त्व सांगणे होय.

तात्पर्य, अपराधाचे देणे एक आणि सांभाळण्याचे कर्तव्य दुसरे. पहिले ज्याचे त्याने, आपल्या धुराड्याच्या मापाने, फेडले पाहिजे, आणि ते मागण्याचा हक्क खेड्याने सोडू नये. दुसरे मात्र जो जमिनीवर उभा आहे त्याचे आहे, कारण पुढील पावसाळा दोष कोणाचा याचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.