खोकला

माझ्याकडच्या एका सीडीत कुणीतरी खोकतं. व्हिएन्नाचं मुझिकफेराइन सभागृह, १६ जानेवारी १९३८. ब्रुनो वॉल्टर माहलरची नववी सिंफनी वाजवून घेताहेत. सुरुवातीचे चेलो जेमतेम ऐकू येतात, आणि तेवढ्यात खोकला.

खरखरीला कंटाळून ही सीडी मी वीसेक वर्षं कपाटात टाकली होती. नंतरची ध्वनिमुद्रणं किती स्वच्छ! परवा पुन्हा लावली, तर वाद्यांपेक्षा माणसंच जास्त ऐकू आली.

माहलर १९११ मध्ये गेले, ही सिंफनी न ऐकताच. पुढच्या वर्षी तिचा पहिला प्रयोग वॉल्टर यांनीच केला. आणि सीडीतल्या या मैफलीनंतर दोन महिन्यांच्या आत हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ज्यू वॉल्टरना व्हिएन्ना बंद झालं. वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे, माहलरचे मेहुणे, म्हातारपणी लंडनला गेले. त्यांची मुलगी आल्मा, तीही व्हायोलिनवादक, १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत मरण पावली.

खोकणाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. मला सगळं ठाऊक आहे. सर्वज्ञ म्हणतात तो असाच असतो का? पुढची पानं वाचलेला, पण ‘ऊठ, सामान बांध’ एवढंही कुणाच्या कानात सांगू न शकणारा? देवाला सगळं दिसतं, असं आजी दटावायची तेव्हा धाक वाटायचा. परवा पहिल्यांदाच देवाची कीव आली.

“अहो, वरण गार होतंय,” आतून हाक आली.

मी सीडी मागे घेतली. खोकल्याच्या जरा आधीपर्यंत.