उसना दिवस

आयुष्य उलथवणारी घटना माणसाला बदलते, असे आपण म्हणतो. खरे तर ती आधीच्या साध्या दिवसांचा अर्थ बदलते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा तरुणपणी मठात बौद्ध ग्रंथ शिकला. सारे अनित्य, हे त्याला पाठ होते. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. खाडीकडे पाहणाऱ्या राजवाड्यातही सकाळ-संध्याकाळ होतच राहिली. गृहीत धरावे असे मात्र काही उरले नाही.

कोणी म्हणेल, कैदेत खर्चासाठी जवळची माणके विकावी लागलेल्या या राजाला अनित्यतेच्या त्या ज्ञानाचा काय उपयोग? पण पाठ असणे वेगळे, अंगावर येणे वेगळे. ज्ञान दुःख टाळत नाही. मंडालेतला दिवसही उसनाच होता, एवढे ते दाखवते.