राबणं आणि शिकणं

१९६९ साली बीजिंगचा पंधरा वर्षांचा वेइजियान शान गोबीच्या वाळवंटात जाऊन पोचला. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत शाळांना टाळं लागलं होतं. त्याचं शिक्षण प्राथमिकच्या पुढे सरकलंच नव्हतं. शहरी पोरांनी खेड्यात जाऊन श्रमातून शिकावं, असा चीनचे नेते माओ यांचा आदेश होता. सहा वर्षं त्याने कालवे खणले, विटा पाडल्या, गोठलेल्या सरोवरावर हाडं फोडणाऱ्या थंडीत बोरू कापले. एवढं राबूनही शेती आतबट्ट्याचीच.

कष्टाचं फळ मिळतंच, असं आपण मुलांना सांगत आलो. शान यांच्या ‘आउट ऑफ द गोबी’ या आत्मकथनातली ही वर्षं वाचताना ते वाक्य घशाशी अडतं. त्या काळात चीनमध्ये दीड कोटीहून अधिक तरुण असे गावोगाव धाडले गेले. राबण्यात ते कुठे कमी पडले? तरी अनेकांची शाळा सुटली ती सुटलीच.

शानने दिवस सरकारला दिला, पण रात्र स्वतःकडे राखली. रॉकेलच्या दिव्यापाशी, हाती लागेल ते पुस्तक तो वाचत राहिला. समोर ना परीक्षा, ना पदवीची आशा. १९७५मध्ये बीजिंगच्या परकीय व्यापार संस्थेत प्रवेश मिळाला, तोही तेव्हाच्या रीतीप्रमाणे शिफारशीवर. मग अमेरिका. सॅन फ्रान्सिस्कोत एमबीए, बर्कलीत पीएच.डी. तिथे जॅनेट येलेन त्यांच्या मार्गदर्शक होत्या. त्याच पुढे अमेरिकेच्या अर्थमंत्री झाल्या. भांडवलशाही म्हणजे शत्रू, हे ऐकत वाढलेले शान १९८७मध्ये फिलाडेल्फियाच्या व्हार्टन स्कूलमध्ये व्यवस्थापन शिकवायला उभे राहिले.

दार त्यांनी एकट्याने उघडलं नाही. शिफारस करणारे होते, शिकवणारे होते, काळही पालटला होता. पण ते उघडलं तेव्हा आत पाऊल टाकण्याजोगी तयारी त्यांच्यापाशी होती, आणि ती कालवे खणून आलेली नव्हती.

आपलाही दिवस बराचसा दुसऱ्याच्या हुकमाचा असतो. संध्याकाळी अंग मोडून येतं, ‘आज खूप काम झालं’ याचं समाधान वाटतं. ते खोटं नसतं. पण दमणं म्हणजे पुढे जाणं, अशी गल्लत तेवढी करू नये. झोपण्यापूर्वी एवढंच विचारावं: आज कुणी न सांगता, कशाला उपयोगी पडेल याचा हिशेब न मांडता, काय शिकलो? उत्तर पानभर वाचनाचं असलं तरी पुरे.