अप-डाऊन

वऱ्हाडात नोकरदाराची ओळख झाली की दुसराच प्रश्न येतो, ‘तिथंच राहता, का अप-डाऊन करता जी?’ अमरावतीत घर, अकोल्यात नोकरी, किंवा याच्या उलट. असे संसार इथे नवे नाहीत. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून अकोला रेल्वेने जेमतेम ऐंशी किलोमीटर. पास काढला की दुसऱ्या घराचं भाडं वाचतं, मुलांची शाळा बदलत नाही, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहता येतं. किंमत मोजायची ती वेळेत. आधी बडनेरा गाठा, मग गाडी, मग अकोल्यात ऑटो. गाडी लेट झाली की संध्याकाळ गेलीच. पण त्याच डब्यात कुरूम ते मूर्तिजापूरदरम्यान बदल्यांच्या बातम्या, तुरीचे भाव आणि एखाद्या मुलीचं स्थळही निघतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या थांबल्या आणि उलटी वाहतूक सुरू झाली. पुण्याच्या हिंजवडीत काम करणारी पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली. कूलरसमोर बसून पुण्याचं काम होऊ लागलं. प्रवास वाचला, पण कामाला सुट्टी होण्याची वेळ उरली नाही. त्यात ‘घरीच आहे नं’ म्हणून सिलिंडर आणायलाही लॅपटॉपवालाच. डब्यातल्या गप्पांची जागा कुणीच घेतली नाही.

दोन्हींचा हिशेब आपण नेहमी नोकरदाराच्या सोयीने मांडतो. गावाच्या बाजूने मांडला तर आकडे बदलतात. लॅपटॉपवाला पुण्याचा पगार अमरावतीच्या राजकमल चौकात खर्च करतो. अप-डाऊन करणारा शिक्षक किंवा ग्रामसेवक गावाला फक्त ड्युटीचे तास देतो आणि पगार शहरात नेतो. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची अट, घरभाडे भत्त्याचा वाद, तिथेच राहत असल्याच्या ग्रामसभेच्या ठरावाची मागणी, या सगळ्यांच्या मुळाशी गावाचा हाच राग आहे. रात्री पोराला ताप चढला तेव्हा कागदावर मुख्यालयी असलेला डॉक्टर गावात नसतो.

जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला की गावात माणसं येतील, असं आपल्याला वाटतं. संध्याकाळी गावातून निघून जाणंही त्याच रस्त्याने सोपं होतं, हे विसरतो.

म्हणून गाडी बरी की घर, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ज्या कामासमोर फक्त पडदा आहे, ते काम अमरावतीत येऊ द्यावं. त्यात शहराचं भलं आहे. ज्या कामासमोर माणूस आहे, शाळकरी पोर, बाळंतीण, शेतकरी, ते काम करणाऱ्याने तिथेच राहावं. आणि तो राहावा असं वाटत असेल, तर त्याच्या लेकरांसाठी बरी शाळा आणि राहण्याजोगं घर त्या गावात आधी हवं. नुसत्या ठरावाने शेवटची गाडी चुकवायला कुणी तयार होत नाही.