परत बसू काय?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी मच्छेतल्या बैठकीत आरतीनंतर एक प्रश्न आला. आपल्याच एका घरातली मुलगी उद्यमबागेत कामाला जाते. नोकरी सांभाळून तिनं एमबीएसाठी कॅट दिली. ८६ पर्सेंटाइल आले, हवी ती संस्था मिळाली नाही. "परत बसू काय?" एवढंच तिनं विचारलं आणि आपण सगळेच बोलायला लागलो. कुणी म्हणालं, वर्ष वाया जाईल. कुणी म्हणालं, आमच्या भाच्याला दुसऱ्या खेपेला मिळालं. वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ते म्हणाले, "पुरे आता." तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. चूक आपलीच. म्हणून हे चार शब्द.

आधी आकडा समजून घेऊया. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत. ८६ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण ८६ जण आपल्या मागे. २०२४ साली ही परीक्षा सुमारे २.९३ लाख मुलांनी दिली. आपण अभ्यास वाढवला आणि बाकीच्यांनीही वाढवला, तर आकडा जागचा हलणार नाही. म्हणजे अभ्यास आपल्या हातात, पण पर्सेंटाइल लाखो अनोळखी मुलांच्याही हातात. फळाची आसक्ती सोडा, हे आपण दर आठवड्याला ऐकतो. इथं ते हिशेबानंही खरं ठरतं. जो आकडा दुसऱ्यांमुळे वर-खाली होतो, तो आपली लायकी कशी ठरवणार?

मग परत बसूच नये काय? तसंही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेव्हा भगवंत दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. दोन्ही बरोबरच. नुसता अभ्यास धरला तर त्याचा हट्ट होतो. आणि नुसतं वैराग्य कधी कधी भीतीच असते. 'आपल्याला कशाला एवढं मोठं' असं म्हणून आपण तिला चांगलं नाव देतो, एवढंच.

तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

*१. गेल्या वेळी नेमकं कुठं कमी पडलो?* पेपर दोन तासांचा, तीन भागांचा, प्रत्येक भागाला ४० मिनिटं. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाही. पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की एक मार्क वजा. कमी कुठं पडलं ते बोट ठेवून सांगता आलं आणि त्यासाठी रोज वेळ काढता आला, तर परत बसणं ही साधनाच. 'या खेपेला नशीब साथ देईल' एवढंच उत्तर असेल, तर थांबावं.

*२. निकाल कुणालाच कळणार नसेल, तरी बसू काय?*

*३. नाहीच मिळालं तर?* कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात असते. म्हणून दुसरं दार उघडं ठेवावं. कर्नाटकात पीजीसीईटी देऊनही एमबीएला जाता येतं. व्हीटीयूचं मुख्यालय तर आपल्या मच्छेतच, ज्ञानसंगममध्ये आहे. घराजवळचं दार म्हणून ते लहान होत नाही.

त्या मुलीनं दोन दिवस विचार केला. म्हणाली, "पहिल्यांदा मैत्रिणींना दाखवायचं म्हणून बसले होते. गणिताच्या भागात वेळच पुरला नाही. तेवढं सुधारून एकदाच बसते. पीजीसीईटीचा फॉर्मही भरते." वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिच्यासाठी चहा त्यांनीच ठेवला.

*या आठवड्याची साधना:* घरात कुणाचा निकाल लागला तर 'किती पडले?' हे नंतर. आधी विचारूया, 'तुला काय वाटतं?'

जय गुरुदेव 🙏