मागेल तेवढंच

रविवारची सकाळ निवडा. मुलुंड असो की बोरिवली, सोसायटीच्या आवारातल्या गाड्या हलायला लागायच्या आधीची वेळ. इंजिन रात्रभर थंड झालेलं असतं, आणि पेट्रोलची नळी सोडवायची तर ते थंडच हवं. समोर जुनी प्रीमियर पद्मिनी आहे असं धरू. बॉनेट उघडा आणि पाना अजून हातात घेऊ नका. आधी नुसतं पाहायचं आहे.

तक्रार आठवा, शांतपणे, आहे तशी. सेल्फ एका दमात घेते. सिग्नलला इंजिन अगदी गुणी. पण पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरीचा उड्डाणपूल चढायला लागली की पिकअप जातो, झटके बसतात. चोक थोडा ओढला की क्षणभर सावरते, पुन्हा ढेपाळते. यात कॉइल, प्लग, पॉइंट यांची नावं घाईने घालू नका. गॅरेजवाले एकामागून एक वस्तू बदलत जातात तेव्हा गाडी कधी कधी सुधारते, पण कशाने सुधारली ते कुणालाच कळत नाही. चोकने आराम पडतो, म्हणजे इंजिन पेट्रोलला भुकेलं आहे. एवढंच आत्ता हाती धरा.

आता पेट्रोलच्या वाटेने मनाने चालत जा. मागे टाकी. तिथून निघालेली बारीक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते, तुम्ही बसता त्या जागेखालून. मग इंजिनच्या कुशीला लागलेला पंप, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक एसी पंप म्हणतात. पंपातून कार्बुरेटरच्या वाटीत. बस. दोष या वाटेवर कुठेतरी आहे.

पंपापाशी थांबा. इथे थोडा जास्त वेळ घालवू.

आत रबरी कापडाचा एक पडदा आहे, खाली स्प्रिंग, वर दोन चिमुकले व्हॉल्व्ह: एक आत येऊ देणारा, एक बाहेर जाऊ देणारा. कॅमशाफ्टवरचा उंचवटा दांडीला ढकलतो, दांडी पडद्याला खाली ओढते, टाकीकडून पेट्रोल खेचलं जातं. इंजिनचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. म्हणजे मिनिटाला आठशे फेऱ्यांवर इंजिन संथ चालू असेल, तर दांडी चारशे वेळा हलते. पण पेट्रोल पुढे कोण ढकलतं? दांडी नाही. दांडी फक्त स्प्रिंग दाबून ठेवते, पुढचं काम स्प्रिंग आपल्या बळाने करते. कार्बुरेटरची वाटी भरली की तिथली सुई वाट बंद करते, पडदा खालीच अडून राहतो आणि दांडी नुसती रिकामी हलत राहते. वाटी रिकामी होईल तेवढंच स्प्रिंग पुढे सोडते. मागितलं तेवढंच द्यायचं, आणि देण्याचा जोर कुठून यायचा तर एका साध्या स्प्रिंगमधून! विजेची तार नाही, कसला मेंदू नाही. मला हे यंत्र आजच्या टाकीत बुडवलेल्या विजेच्या पंपापेक्षा जास्त शहाणं वाटतं. माझा पक्षपात समजा.

आता तक्रारीकडे परत या. सिग्नलला इंजिन घोटभर मागतं, थकलेला पडदाही तेवढं देतो. चढावर मागणी वाढते आणि तिथे तो उघडा पडतो.

तरीही लगेच निकाल देऊ नका. मे महिन्यात घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर गाडी रांगत असताना पंप तापतो, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही ढकलली जात नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकत ते यासाठी. फडक्याने गाडी बरी होत असेल तर पंप बिचारा निर्दोष असू शकतो. पण सकाळी, थंड इंजिनावरही चढाला तीच रड असेल तर पुढे चला.

कॉइलची तार काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. आसपास कुणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना पाहा. कार्बुरेटरकडची नळी सोडवून काचेच्या बाटलीत धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाहा. दांडीच्या प्रत्येक हालचालीला ठसठशीत पिचकारी यायला हवी. नुसती ओघळली, तर पंपाकडे येणारी नळी आणि जाळी साफ करून पुन्हा एकदा पाहा. तरीही ओघळतच असेल तर ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटला आहे आणि पेट्रोल झिरपून इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं आहे. हा वास विसरू नका.

पडदा का फाटतो? वय आहेच. पण पेट्रोलही बदललं. महाराष्ट्रात 2003 पासून पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. जुना रबर त्या हिशेबाने घडवलेला नव्हता. तो फुगतो, कडक होतो, चिरतो. म्हणून नवा पंप किंवा किट घेताना दुकानदाराला पडदा इथेनॉलला टिकणारा आहे का, हे विचारा. पुडक्यात पडून राहिलेला जुना ‘ओरिजिनल’ माल मोहात पाडतो. टाळा.

माल शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. ही गाडी जिथे घडली ती वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्सही कुर्ल्याचीच. 1964 ची फियाट 1100 डिलाइट, 1974 पासून पद्मिनी, इंजिन तेच 1089 सीसीचं. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या अजून काही आहेत, म्हणून सुटे भागही आहेत.

आता पाना घ्या. टाकीकडच्या नळीच्या तोंडात बोळा घाला. दोन नट सोडवा, पंप अलगद ओढून काढा. जुनं पॅकिंग खरवडताना कचरा इंजिनात पडू देऊ नका, आणि त्याची जाडी नीट पाहा: नवं तेवढंच जाड हवं, नाहीतर दांडीचा पल्ला कमी-जास्त होतो. इंजिन हाताने थोडं फिरवा. कॅमचा उंचवटा मागे गेला की पंप जोर न लावता बसतो. जोर लागत असेल तर थांबा, पुन्हा फिरवा. नट आलटूनपालटून आवळा, बोळा काढा आणि दोन्ही नळ्या परत जोडा.

ऑइलला पेट्रोलचा वास होता ना? मग गाडी सुरू करण्याआधी ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. मग कॉइलची तार जोडा, सुरू करा आणि पहिली पाच मिनिटं नळीच्या सांध्यांवर कोरडं बोट फिरवत राहा.

इंजिन सुरेख चालेल. पण ते आधीही सिग्नलला सुरेखच चालत होतं. उड्डाणपुलावर जा, तिसऱ्या गिअरमध्ये चढ घ्या, पाय दाबून धरा. तरीही माथ्याजवळ दम गेला, तर पुलाच्या पलीकडे बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे.