आवश्यक कोणाला?

भातकापणी उरकली की ओल विरायच्या आत वाल टाकायचे, ही महाड-पोलादपूरकडची जुनी रीत. पुढच्या खेपेस बियाण्याला जिवाणूखताचं पाकीट चोळावं का, असा विषय निघाला तेव्हा शेतकी शिकलेला भाचा म्हणाला, "मामा, त्या जिवाणूतली आवश्यक जनुकं कुठली तेही आता कळलंय. बाकीचं सगळं ओझं." ते 'ओझं' मला खटकलं.

मुळांवरच्या गाठी, हवेतला नत्र वगैरे शाळेत झालंय. आवश्यक काय ते ठरवतात कसं, हे मात्र मजेचं आहे. डीएनएचा भटका तुकडा जिवाणूत कुठेही घुसवायचा. तो शिरला ते जनुक बहुधा निकामी. असे असंख्य जिवाणू एकत्र वाढवायचे. ज्या जनुकात तुकडा शिरलेला एकही जिवाणू उरत नाही, ते आवश्यक. पुरावा सगळा गैरहजेरीचा!

पण वाढवायचे कुठे? नत्र बांधणारी निफ जनुकं काचेच्या बशीत लागतच नाहीत. लसूणघासाच्या जिवाणूतून साडेतेरा लाख अक्षरांचा पीसिमए हा अख्खा प्लाझमिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनए) काढला तरी तो जगतो. गाठी तेवढ्या धरत नाही. ऑक्सफर्डच्या 2020च्या अशाच कामात वाटाण्याच्या जिवाणूला गाठीपर्यंत स्पर्धेत टिकायला 603 जनुकीय जागा लागल्या. मुळाभोवतीच्या मातीपासून गाठीच्या आतपर्यंत सगळीकडे लागणाऱ्या त्यातल्या फक्त 146. जगायला लागतं ते वेगळं, नांदायला लागतं ते वेगळं. आणि वालाचा जिवाणू तर वाटाण्याच्या जिवाणूच्या कुळातलाही नाही. तो ब्रॅडीरायझोबियम, सावकाश वाढणारा.

मी भाच्याला सुनावलं, "आमच्या खाचरात तो अख्खा पावसाळा पाण्याखाली काढतो, वालाचं मूळ जवळ नसताना. तिथे तुझं ओझंच कामी येत असेल. टिकला तो आपला. पाकीट कशाला?"

त्याने वाद घातला नाही. वालाचं एक रोप उपटून गाठी नखाने फोडल्या. दोन-तीन आतून गुलाबी, म्हणजे कामावर असलेल्या. बाकीच्या पांढुरक्या, फुकट बसलेल्या.

पावसाळा काढणं ही जिवाणूची गरज. नत्र ही वालाची आणि माझी. टिकणारा देईलच, हे मी कशावरून धरलं? स्थानिक जिवाणू गाठी बळकावतात आणि पाकिटातला चांगला बाहेर राहतो, हे तर जगभरचं दुखणं. तेव्हा पाकीट हवं, पण आतला जिवाणू इथल्याच खाचरातल्या गुलाबी गाठीतून उचललेला. आणि आवश्यक-अनावश्यकाची परीक्षा घ्यायचीच तर भात निघालेल्या चिखलात, वालावर घ्या.